पहिल्या गड्याची जागा

"नाव वर लिहू की खाली?" भाऊरावांनी शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारलं.

"म्हणजे?"

"वर जुने गडी लिहितो, खाली नवे. तुला कुठे घालू?"

दशरथ गावडे दुकानाच्या फळीला टेकून उभा होता. समोरच्या गाळ्यात प्रेस धाडधाड पडत होती आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला फळीवरची बटणांची डबी वाजत होती. साकीनाक्याच्या या गल्लीत तो आठ वर्षांनी आला होता. गल्ली तीच होती, फक्त गाळे दुप्पट झाले होते. भाऊराव दिवसभर कारखान्यांतल्या कामगारांचे डगले शिवत आणि संध्याकाळी रवळनाथ क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी होत. मंडळाच्या बनियनी तेच शिवायचे, पाठीवरचे आकडेसुद्धा.

"भाऊराव, ह्याला खाली पण लिहू नका," स्टुलावर बसलेला नंदकुमार म्हणाला. तो संघाचा कप्तान. दिवसा पार्ल्याला एका वकिलाकडे टायपिंग करायचा, त्यामुळे बोलताना बोटं मांडीवर आपटायची त्याला सवय होती. "आठ वर्षं कंपनीकडून खेळला. आता कंपनीने संघ बंद केला, तर आम्ही आठवलो. मंडळ म्हणजे काय भंगारवाला आहे?"

"भंगारवाला निदान वजन तरी करतो," दशरथ म्हणाला. "तू तेवढंही करत नाहीस."

भाऊरावांना हसू आलं. सुई थांबली.

"नंदू, धोंडूचा खांदा निखळलाय. रविवारी आपल्याच मैदानावर आपलीच स्पर्धा, आणि पकडीत साखळी धरायला गडी नाही. ह्याच्याइतकी साखळी अंधेरी ते मुलुंड कोणी धरत नव्हतं."

"नव्हतं ना? सत्त्याहत्तर सालात. आता सदतीस वर्षांचा आहे तो."

"छत्तीस," दशरथ म्हणाला.

"वा! मग तर पोरच आहेस यार."

भाऊरावांनी पेन्सिल कानावरून काढली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. वर लिहिलं की खाली, ते दशरथला दिसलं नाही.

"लिहिलं. पण एक काम कर. जानकीला विचारून ये."

"मंडळाला तिची परवानगी लागते?"

"मंडळाला नाही लागत. तुला लागते."

दशरथ फळीवरून बाजूला झाला. ह्याच एका गोष्टीसाठी तो आलाय, हे म्हाताऱ्याने ओळखलं होतं. बनियन काय, कुठलीही मिळाली असती.

मंडळाच्या साखळीत धाकू परब कोपऱ्यावर उभा राहायचा आणि त्याचा हात धरून शेजारी दशरथ. दोघे कणकवलीकडच्या एकाच वाडीतले, दोघे एकाच वर्षी मुंबईत आले, एकाच खोलीत दहा जणांत झोपले. धाकूचा डावा अंगठा प्रेसखाली गेला होता, वरचं पेर नव्हतं. तोच आखूड, टणक अंगठा तो दशरथच्या तळहातावर दाबायचा. एकदा दाबला म्हणजे थांब. दोनदा दाबला म्हणजे घाल. चढाईवाल्याला कळायच्या आत दोघे त्याच्यावर पडलेले असायचे. तोंडाने कधी काही बोलावं लागलं नाही. लोक म्हणत, ह्या दोघांना चार हात नाहीत, तीनच आहेत.

अठ्ठ्याहत्तर साली मंडळ पहिल्यांदा अंतिम सामन्याला गेलं. सामना रविवारचा. शुक्रवारी कंपनीचा साहेब आला. त्यांच्या संघाला एक गडी हवा होता आणि त्या बदल्यात कायमची नोकरी होती. सही आजच, आणि सही केल्यावर बाहेरच्या संघाकडून खेळायचं नाही. दशरथने सही केली. तिथून तो धाकूला सांगायला गेला. धाकू मोरीत अंघोळ करत होता. धाकूच्या बायकोने, जानकीने, चहा दिला. दशरथने दोन कप चहा घेतला, आतून पाण्याचा आवाज ऐकला, आणि निघून आला.

रविवारी काय झालं ते त्याला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. पंचाने शिट्टी मारली तेव्हा मंडळाचे सहाच गडी मैदानात होते. बदली गडी तयार होता, पण धाकू त्याला आत येऊ देईना. "दशा येतोय," म्हणाला. अर्धा डाव मंडळ सहा गड्यांवर खेळलं, आणि धाकू आपला डावा हात रिकामाच पुढे धरून कोपऱ्यावर उभा राहिला. मंडळ हरलं. त्यानंतर धाकू दशरथशी एक शब्द बोलला नाही. दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन तो गेला.

जानकी चाळीच्या मागच्या बाजूला तिसऱ्या खोलीत राहायची. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, नुकतीच पाळी संपवून आली होती. खोलीत साखरेचा करपट गोड वास भरला होता.

"काय हो भावजी, वाट चुकलात?"

"नाय वैनी. इकडेच येत होतो."

"बसा. चाय ठेवतय."

"नको."

"त्या दिवशी पण नको म्हणालात. मगे दोन कप प्यालात."

दशरथ उंबऱ्याजवळच बसला. भिंतीवर धाकूचा फोटो होता, मंडळाच्या बनियनमधला. फोटो काढताना धाकूने डावा हात पाठीमागे लपवला होता.

"मंडळात परत खेळायचं म्हणतोय," दशरथ म्हणाला. "भाऊराव म्हणाले, तुमका विचारूक होया."

"माका कित्याक? मी काय पंच आसंय?" जानकीने स्टोव्हला दोन पंप मारले. "खेळा. मैदान काय आमच्या नावावर नाय."

तिने भांडं स्टोव्हवर ठेवलं. मग दशरथने जे विचारायला तो आला होता ते विचारलं.

"तेंनी कधी माझं नाव..."

"नाय."

"शिवी पण नाय?"

"शिवी दिल्यानी असती तर मी म्हटला असता, चला, राग तरी आसा." तिने कप त्याच्यापुढे सरकवला. "घरात कोणी तुमचा नाव काढला की ते उठान पाणी भरूक जायत. पिंप भरलेला असला तरी."

दशरथने चहा घेतला. या वेळी एकच कप. उठताना म्हणाला, "रविवारी बघूक येशात?"

"रविवारी माका कपडे धुवूचे असतत," ती म्हणाली.

सरावाला सगळे कामावरून सुटून सहाला जमायचे. मैदान गाळ्यांच्या मागे, नाल्याच्या अलीकडे. लेथमधून उडालेला लोखंडाचा कीस वाऱ्याने तिथे येऊन पडायचा, म्हणून खेळण्याआधी दोन गडी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून मैदानभर ओढत फिरायचे. नाहीतर पकडीत गुडघे सोलून निघायचे. दशरथ पहिल्याच दिवशी न सांगता दोरी घेऊन फिरला. ते बघून नंदकुमारची बोटं मांडीवर आपटायची थांबली.

कोपऱ्यावर आता मार्तंड होता. टर्नर माणूस, दंड असा की बनियनची शिवण उसवायची. दशरथने त्याचा हात धरला. चढाईवाला आला, डावीकडे झुकला, उजवीकडे गेला, आणि सुखरूप परत गेला. दशरथ जागचा हलला नाही.

"काय झालं दादा? हातात आला होता ना."

"तू दाबलं नाहीस."

"काय दाबलं नाही?"

"काही नाही. परत."

परतही तेच झालं. मार्तंड तोंडाने 'घे' म्हणून ओरडायचा. ओरडणं कानात शिरून पायापर्यंत जाईतो चढाईवाला निसटलेला असायचा. दशरथचा पाय कानाने चालतच नव्हता, तो तळहाताने चालायचा. तिसऱ्या वेळी त्याने मार्तंडचा हात इतका आवळला की मार्तंड म्हणाला, "दादा, जरा सैल धरा. लग्न करायचंय काय माझ्याशी?"

सगळे हसले. दशरथही हसला. आणि हसता हसता त्याच्या तळहाताच्या मधोमध काहीतरी टोचलं. आखूड, टणक. एकदा. त्याने खाली पाहिलं. मार्तंडचा अंगठा धडधाकट होता आणि बाहेरच्या बाजूला होता.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही असं नाही. लागली. पण झोपेत तो गेली दोन वर्षं जे ऐकायचा ते त्याने ऐकलं.

खेळात गडी बाद झाला की पंच 'बाद' म्हणतो, पण खेळणारे तसं म्हणत नाहीत. खेळणारे म्हणतात, मेला. आणि समोरचा एक मेला की आपला एक जिवंत होतो, जो सगळ्यांत आधी मेला तो सगळ्यांत आधी. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका स्पर्धेत दशरथ दोरीजवळ बसून गुडघ्याला पट्टी बांधत होता. अंधेरीचा एक ओळखीचा खेळाडू पलीकडून ओरडला, "दशरथ, तुमचा धाकू मेला रे काल!"

दशरथने पट्टीची गाठ मारत विचारलं, "कोणी मारला?"

तो माणूस नुसता बघत राहिला. म्हणून दशरथ वर हसून म्हणालाही होता, "काळजी नको. पहिला मेला म्हणजे पहिला जिवंत."

"कावीळ झाली होती," तो माणूस म्हणाला.

लगेच शिट्टी झाली. दशरथ उठला, मैदानात गेला आणि पूर्ण सामना खेळला. कंपनी जिंकली. दहाव्याला तो साकीनाक्याला गेला नाही. तेराव्यालाही नाही. कुठल्या तोंडाने जाणार? माणूस गेल्याचं कळल्यावर ज्या तोंडातून असं वाक्य निघालं, तेच तोंड घेऊन जायचं होतं ना.

रविवारी चारला सामना सुरू झाला. समोर घाटकोपरचा संघ होता, सगळी पंचविशीतली पोरं, हरणासारखी पायावर नाचणारी. गाळे बंद होते, तरी सगळी गल्ली दोरीभोवती उभी होती. भाऊराव टेबलाशी गुण लिहायला बसले होते. रवळनाथाला गाऱ्हाणं घालून झालं, नारळ फुटला.

पहिल्या डावात दशरथ बरा खेळला. मार्तंडच्या ओरडण्याआधी त्याच्या खांद्याची हालचाल बघायची, एवढं त्याने दोन दिवसांत शिकून घेतलं होतं. दोन पकडी झाल्या. दुसरीला गर्दीतून कुणीतरी म्हातारं माणूस ओरडलं, "वा रे गावड्या!" मध्यंतराला नंदकुमारने लिंबाची फोड त्याच्याकडे न बघता पुढे केली. मंडळ एका गुणाने पुढे होतं.

दुसऱ्या डावात घाटकोपरवाल्यांनी जोर धरला. त्यांचा एक उंच गडी चढाईला आला, दशरथने त्याच्या घोट्याला सूर मारला, घोटा हातात आला आणि घामाने सुटला. उंच गडी एका झेपेत मध्यरेषेपलीकडे पोचला.

"मेला!" दोरीभोवती आवाज झाला. मंडळाचा पहिला गडी बाद झाला होता.

बाद झालेल्यांनी मागच्या रेषेपलीकडे, गाळ्याच्या भिंतीला लागून, ओळीने बसायचं असतं. पहिला मेलेला पहिल्या जागी, झेंड्याच्या काठीजवळ. दुसरा त्याच्यामागे. ज्या क्रमाने मरायचं, त्या क्रमाने बसायचं, आणि त्याच क्रमाने जिवंत होऊन उठायचं. दशरथ भिंतीपाशी आला, काठीजवळ एका माणसाची जागा सोडली, आणि मागे बसला.

त्याने ते मुद्दाम केलं नाही. बारा वर्षं तो तिथे तसाच बसला होता. धाकू अंग झोकून खेळणारा, धाकू आधी मरायचा आणि दशरथ नंतर. त्यामुळे दशरथच्या समोर कायम धाकूची घामट पाठ असायची. बसल्यावर शरीर आपलं आपण हातभर मागे सरलं.

थोड्याच वेळात मार्तंड मेला. तो येऊन दशरथच्या मागे बसला. मग आणखी दोघे आले. मैदानात नंदकुमार धरून तीन उरले. दोन गुणांची पिछाडी होती. नंदकुमार चढाईला गेला, वाकला, लांब हात मारला आणि एकाला शिवून परत आला. गर्दी उसळली. एक गडी जिवंत.

पंचाने भिंतीकडे हात केला. "पहिला गडी, आत!"

कोणी उठलं नाही.

"पहिला गडी!"

दशरथ आपल्या पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत होता. तिथे माती किंचित खोलगट होती, वर्षानुवर्षं माणसं बसून झालेली. तो निवांत बसला होता. त्याचा नंबर दुसरा होता.

"अरे दशा, ऊठ!" टेबलाकडून भाऊराव ओरडले. पण तोवर घाटकोपरचा उंच गडी 'कबड्डी कबड्डी' करत आत शिरला होता, आणि परत जाताना एकाला मारून गेला. मंडळाचे दोन उरले. नंदकुमार पुन्हा गेला आणि मोकळा आला. जाताना, येताना, दोन्ही वेळा त्याने भिंतीकडे बघून हात केला. मागून मार्तंडने दशरथच्या खांद्याला धक्का दिला, "दादा, जा ना!"

दशरथ पुढे वाकला आणि समोरच्या रिकाम्या जागेला हळू म्हणाला, "धाकू, जा ना रे. तुझा नंबर."

मार्तंडचा हात खांद्यावरून निघाला.

घाटकोपरची पुढची चढाई आली. नंदकुमार आणि दुसरा गडी, दोघांनी एकदम झेप घेतली आणि दोघे एकदम गेले. मैदान रिकामं झालं. लोण चढला. आपल्याच मैदानावर, आपल्याच माणसांसमोर, एक जिवंत गडी भिंतीशी बसलेला असताना. मग लोणाच्या नियमाने सगळेच पुन्हा उभे राहिले, दशरथसुद्धा. तो उरलेली पाच मिनिटं खेळलाही, पण सामना तिथेच संपला होता. मंडळ पाच गुणांनी हरलं.

शिट्टीनंतर नंदकुमार तरातरा त्याच्याकडे आला. ओठ फुटून रक्त येत होतं.

"कुणाची वाट बघत होतास रे? सांग ना! कुणाची?"

 दशरथने बनियन काढली आणि पुढे केली.

मार्तंड मधे आला. "सोड नंदू. मी मागे होतो. मी ऐकलं."

"काय ऐकलंस?"

मार्तंडने मान हलवली. "सोड म्हणतो ना. चल, ओठ धू."

नंदकुमारने बनियनकडे पाहिलं. घेतली नाही. थुंकला, आणि मार्तंडबरोबर नळाकडे गेला. भाऊराव टेबलाशी वही उघडी ठेवून नुसते बसून होते. गर्दी पांगली. दोघे जण दोरी गुंडाळू लागले. दशरथ बनियन खांद्यावर टाकून भिंतीजवळ उभा राहिला. घरी जावं तर पाय उचलत नव्हते, थांबावं तर कुणासाठी थांबायचं ते कळत नव्हतं.

"भावजी."

जानकी भिंतीच्या टोकाला उभी होती. हातात पिशवी, पदर डोक्यावरून. हात साबणाने पांढरे पडलेले.

"कधी आलात वैनी?"

"मधल्या सुट्टीनंतर." ती जवळ आली. "किती वेळ वाट बघितलात?"

"तीन चढाया."

"तेंनी अर्धो डाव बघितलेली."

"होय," दशरथ म्हणाला.

तिने गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमी चाय पिऊन गेलात. तोंडावर सगळा दिसत होता तुमच्या. माका कळलेला. ते मोरीतून इले, म्हणाले, कोण इललो? मी म्हटलंय, दशरथ भावजी. म्हणाले, काय म्हणी होतो? मी म्हटलंय, काय नाय. चाय पिऊन गेलो." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी सांगितला असता, तर तेंनी वाट बघितली नसती. आठ वर्षां मी तुमका शिव्या घातलंय, आणि पाणी भरूक ते जायत तेव्हा त्येंच्याकडे बघूक माका धीर नाय झालो."

दशरथला काहीतरी बोलायचं होतं. कोल्हापूरचं सांगायचं होतं, त्या दोरीजवळचं.  तो एवढंच म्हणाला, "वैनी, धाकू मेला म्हणून कळलं तेव्हा मी हसलो होतो. खेळातला मेला समजून."

जानकीने त्याच्याकडे पाहिलं. समजली की नाही कोण जाणे. 

"खंय बसायचे ते?" ती म्हणाली.

दशरथने काठीजवळची जागा दाखवली.

जानकीने पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, साडी सावरली आणि त्या खोलगट मातीत मांडी घालून बसली. एखाद्या अनोळखी घरात बसावं तशी, जरा अंग चोरून. समोर चुन्याच्या रेषा पुसट झाल्या होत्या आणि मैदानात कोणीच नव्हतं.

"हयसून काय दिसता?"

"आपले किती उरले ते."

ती बघत राहिली. खूप वेळ. जशी काही खरंच मोजत होती.

दशरथ तिच्या मागे, हातभर जागा सोडून, दुसऱ्या नंबरला बसला.